नाशिकहून इलेक्ट्रिक गाडीनं बाहेरगावी: रस्त्यावरच्या चार्जरवर विसंबायचं तर कसं

गाडी घेतली तेव्हा शोरूममधला मुलगा छातीठोकपणे म्हणाला होता, "सर, चारशे जाते." आजवर ती एकदाही चारशे गेलेली नाही. कॉलेज रोड, सातपूर, पंचवटी आणि रविवारी गंगापूर धरणाकडे एखादी चक्कर, एवढ्यात चारशे काय नि तीनशे काय, फरक पडत नाही. रात्री पार्किंगमध्ये वायर लावायची, सकाळी गाडी भरलेली. प्रश्न सुरू होतो तो सिन्नर फाटा किंवा घोटीचा टोलनाका मागे पडल्यावर.

ज्यांची घरी चार्जिंगची सोय आहे, बॅटरी साधारण ४० युनिटांची आहे आणि पुणे, मुंबई, धुळे, संभाजीनगर अशा फेऱ्या करायच्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बॅटरी मोठी असेल तर आकडे बदला, रीत तीच. घरी सोय नसेल तर लांबच्या प्रवासाआधी सोसायटीत मीटरचं बघा. आठवडाभर बाहेरच्या चार्जरवर फिरून पुन्हा शनिवारी त्याच रांगेत उभं राहायचा कंटाळा फार लवकर येतो.

आधी आपल्या गाडीचं खरं ॲव्हरेज काढा

युनिट म्हणजे आपल्या लाईटबिलातलंच युनिट, एक किलोवॉट-तास. पेट्रोलच्या गाडीत लिटरला किती, तसं इथं युनिटला किती. हा आकडा कंपनीच्या पत्रकातून घेऊ नका आणि स्क्रीनवरच्या उरलेल्या किलोमीटरवरूनही नको. स्क्रीन तुमच्या मागच्या काही दिवसांच्या चालवण्यावरून अंदाज बांधते. आठवडाभर शहरात चाळीसनं फिरलात तर ती सोमवारी खूश असते आणि हायवेला लागल्यावर वीस किलोमीटरांत तोंड पाडते.

चाचणीला शिर्डी उत्तम. जाऊन-येऊन साधारण १८० किलोमीटर होतात आणि पूर्ण भरलेली गाडी मध्ये चार्ज न करता परत येते. ट्रिप मीटर शून्यावर आणा, एसी नेहमीसारखा ठेवा, जाताना ८० च्या आसपास आणि येताना १०० च्या आसपास चालवा. दोन्ही वेळेस किती टक्के गेले ते लिहून ठेवा. माझ्या गाडीला ८० नं युनिटमागे सात किलोमीटरांहून थोडं जास्त मिळतं, १०० नं सहा आणि १२० नं पाचसुद्धा नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्याला इलाज नाही.

आता हे टक्क्यांत आणा, कारण रस्त्यावर डोळ्यासमोर टक्केच असतात. ४० युनिटांच्या बॅटरीचा एक टक्का म्हणजे ०.४ युनिट. युनिटला सहा धरले तर एका टक्क्याला जवळपास अडीच किलोमीटर, आणि समृद्धीवर १२० नं पळवलीत तर दोन. माझ्या सगळ्या प्रवासांचं गणित या दोन आकड्यांवर चालतं. बायको शेजारी बसून तोंडी करते, मी फक्त स्टिअरिंग धरतो.

चार्जर कुठे आहे यापेक्षा, तो बंद निघाला तर काय

पुणं घ्या. नाशिक-पुणे साधारण २१० किलोमीटर, म्हणजे ८४ टक्के. शंभर टक्क्यांवर निघालं तर सोळा उरतात. कागदावर गाडी न थांबता पोचते. मी तसा जात नाही. चाकणला संध्याकाळचा खोळंबा असतो, पुण्यात शिरल्यावर चार्जर शोधायचा असतो, आणि सोळा टक्क्यांवर माणूस नीट विचार करत नाही.

मी थांबतो नारायणगाव-मंचरच्या पट्ट्यात. नारायणगावापर्यंत सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर होतात, म्हणजे पन्नासेक टक्के जातात. हाताशी पन्नास-एक राहतात आणि पुणं राहतं ७५-८० किलोमीटरांवर, म्हणजे तीस-बत्तीस टक्के. तिथला चार्जर बंद असला तरी मी चहा पिऊन पुढे निघू शकतो. मुद्दा तो आहे. ज्या चार्जरवर तुम्ही थांबणार, तिथे पोचताना त्याच्या पुढच्या चार्जरपर्यंत जाण्याइतकी बॅटरी हवी, आणि वर दहा टक्के. एवढा एक नियम पाळलात तर बाकीचा लेख वाचला नाहीत तरी चालेल.

मी तो शिकलो तो मोडून. पहिल्या पुणे फेरीत परतताना नातेवाइकांच्या इमारतीत प्लग मिळाला नाही, तसाच सत्तर टक्क्यांवर निघालो. ठरवलं होतं, संगमनेरच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात मशीन आहे, तिथे भरू. पोचलो तेव्हा चौदा टक्के. गाडीत सासूबाई, रात्रीचे पावणेदहा, आणि मशीनवर लाल दिवा. वॉचमन खुर्चीतून उठला नाही. "परवापासून असंच आहे साहेब. कंपनीचा माणूस येतो म्हणाला." मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "तुमची आधीची गाडी बरी होती." मी मशीनभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि दुसरीत बाजूचं लाल बटण दिसलं, भोपळ्याच्या देठासारखं, आत दाबलेलं. ते इमर्जन्सी स्टॉप. त्यावरच्या बाणाच्या दिशेनं फिरवलं तसं टक करून वर आलं. दोन मिनिटांत मशीन पुन्हा सुरू झालं. वॉचमन आता उठला. "एवढंच होतं होय? ती पोरं खेळतात तिथं."

तेव्हापासून बंद मशीन दिसलं की आधी ते बटण बघतो. बऱ्याचदा तेवढंच असतं. मात्र बटण दाबलेलं असताना तारा उघड्या पडल्यात, पाणी शिरलंय, करपल्याचा वास येतोय असं काही दिसलं तर हात लावू नका. कुणीतरी मुद्दाम दाबलं असेल.

घरी बसून करायची कामं

ॲप आधी उतरवून घ्या. टाटा पॉवरचं ईझी चार्ज, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी यांपैकी तुमच्या वाटेवर जे आहेत ते. शिवाय सरकारी तेल कंपन्यांच्या पंपांवरही मशीन असतात आणि त्यांची ॲप वेगळी. प्रत्येकात नाव नोंदवून, ओटीपी टाकून, गाडीचं मॉडेल भरून ठेवा. हे सगळं घाटात रेंज नसताना करायला बसलात तर काय होतं ते मला विचारू नका. वॉलेटमध्ये दोनतीनशे रुपये पुरतात. जास्त टाकू नका, पैसे अडकून राहतात आणि मग ते संपवायला तुम्ही उगाच त्याच कंपनीचा चार्जर शोधत फिरता.

चार्जर निवडताना ॲपमधल्या हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका. हिरवा म्हणजे सर्व्हरशी बोलणं चालू आहे, एवढंच. मी प्लगशेअर या ॲपवर बघतो की तिथे शेवटची गाडी कधी चार्ज झाली आणि त्या माणसानं काय लिहिलंय. गेल्या आठवड्यात कुणी भरून गेलं असेल तर विश्वास ठेवायचा. सहा महिने कुणी काही लिहिलेलं नसेल तर तो चार्जर माझ्या हिशेबात नाही.

त्यानंतर बघायच्या त्या दोन-तीन गोष्टी. गन, म्हणजे केबलचं गाडीत खोचायचं टोक, सीसीएस-टू प्रकारचं आहे का, कारण आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या नव्या गाड्यांना फास्ट चार्जिंगसाठी तीच लागते. जुन्या पंधरा किलोवॉटच्या काही मशीनची गन वेगळी असते, ती बसतच नाही. ताकद किती, ३० की ६० की १२० किलोवॉट. आणि गन किती. इथे एक मेख आहे: ६० चं मशीन, दोन गन, आणि शेजारी दुसरी गाडी लागली की बऱ्याच ठिकाणी दोघांना तीस-तीस मिळतात. तुमचा अर्धा तास तिथेच पाऊण-एक तास होतो. म्हणून मी एका मोठ्या मशीनपेक्षा दोन मध्यम मशीन असलेली जागा पसंत करतो. एक बिघडलं तर दुसरं असतं.

शोरूमच्या आवारातले चार्जर यादीत दिसतात, पण रात्री फाटक बंद असतं आणि काही ठिकाणी दुसऱ्या कंपनीची गाडी बघून कपाळाला आठ्या पडतात. आधी फोन. खरं तर कुठल्याही चार्जरला निघायच्या आधी फोन करावा. "दादा, मशीन चालू आहे का, आणि आज कुणी गाडी लावली का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं. पहिल्याचं उत्तर सगळे "हो" असंच देतात.

मशीनपुढे उभं राहिल्यावर

गाडी पूर्ण बंद करा, हँडब्रेक लावा. गन आत ढकलताना टक असा आवाज यायला हवा. फास्ट चार्जरची, म्हणजे डीसीची, केबल जड असते आणि तिच्या वजनानं गन खाली झुकते, त्यामुळे आतल्या पिना नीट भिडत नाहीत आणि मशीन "पुन्हा प्रयत्न करा" म्हणत बसतं. सुरुवातीची दहा-पंधरा सेकंद गन हातानं थोडी वर उचलून, आत दाबून धरा. गाडी आणि मशीन यांची ओळखपाळख तेवढ्यात होते. नव्या लोकांची निम्मी गाऱ्हाणी इथेच संपतात.

मग ॲपमधून सुरू करायचं. सुरू झालं म्हणून लगेच मिसळ खायला पळू नका. दोन मिनिटं थांबा, किती किलोवॉट येताहेत बघा. ६० च्या मशीनवर १२ येत असतील तर काहीतरी गडबड आहे, किंवा बॅटरी फार तापलीय. मे महिन्यात मालेगावच्या उन्हात शंभरनं येऊन लगेच गन लावली की गाडी स्वतःच वेग कमी करते, बॅटरी थंड करायला. गाडीचा काही दोष नाही. सावलीतला चार्जर असेल तर तो निवडा.

सुरू होत नसेल तर या क्रमानं: गन काढून पुन्हा लावा, दुसरी गन असेल तर ती, गाडीला कुलूप लावून, पाच मिनिटं थांबून पुन्हा, मग मशीनवरच्या स्टिकरवरचा नंबर. कस्टमर केअरवाले दुरून मशीन रीस्टार्ट करू शकतात, कधी दुरूनच चार्जिंग सुरूही करून देतात. त्यांना मशीनचा क्रमांक लागतो, तो आधीच वाचून ठेवा. वीस मिनिटांत जमलं नाही तर पुढच्या चार्जरकडे निघा. म्हणून तर वरचा नियम.

गन अडकून बसली तर ओढाताण नको. गाडी अनलॉक केल्याशिवाय ती सुटत नाही. तरीही नाहीच सुटली तर बऱ्याच गाड्यांत हातानं सोडवायची एक दोरी असते. ती कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये घरीच बघून घ्या. अंधारात बॉनेटखाली मोबाईलचा टॉर्च धरून शोधायची ती वस्तू नव्हे.

ऐंशी टक्क्यांना निघायचं. त्यापुढे वेग इतका उतरतो की शेवटचे वीस टक्के जवळजवळ आधीच्या चाळीस-पन्नास टक्क्यांइतका वेळ खातात. घरी निघताना शंभर करा, वाटेत ऐंशी. अपवाद फक्त पुढचा टप्पा लांब आणि ओसाड असेल तेव्हा. मागे कुणी उभं असेल तर मग बोलायलाच नको. गाडीपासून लांब जाणार असाल तर काचेवर मोबाईल नंबर ठेवा. चार्जरच्या जागेवर पेट्रोलची गाडी लावून जेवायला गेलेल्यांशी मात्र गोडीनंच बोलायचं. मी एकदा आवाज चढवून बघितला, माणूस मुद्दाम स्वीट डिश मागवून बसला.

पाऊस पडत असेल तरी चार्ज करता येतं, गन आणि सॉकेट त्या हिशेबानंच बनवलेले असतात. गन जमिनीवरच्या डबक्यात पडलेली दिसली तर मात्र ती लावू नका. पावसाची खरी अडचण वेगळीच, लाईट जाते. हायवेवरच्या बऱ्याच मशीनना जनरेटर नसतो, हॉटेलात पंखे फिरत असले तरी चार्जर मेलेला असतो. जून ते सप्टेंबर मी दहा टक्क्यांची जादा राखीव वीस करतो.

कसारा घाट, चढताना आणि उतरताना

नाशिककरांना हे नीट कळलं पाहिजे, कारण आपण पठारावर राहतो. चार माणसं आणि सामान धरून गाडी १८०० किलोची झाली, तर तिला शंभर मीटर वर न्यायला साधारण अर्धं युनिट लागतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच. म्हणजे मुंबईहून परत येताना सपाट रस्त्याच्या हिशेबावर तीन-साडेतीन युनिटं जास्त, आपल्या बॅटरीत आठ-नऊ टक्के. त्यातला मोठा भाग कसारा ते इगतपुरी एवढ्या थोड्या अंतरात जातो. पहिल्यांदा बघताना पोटात गोळा येतो, टक्के डोळ्यादेखत उतरतात. इगतपुरीला वर आलात की टक्क्यांची ही घसरण थांबते, आणि पुढे नाशिकपर्यंत नेहमीचं ॲव्हरेज मिळतं.

म्हणून मुंबईहून येताना घाटाच्या खाली, शहापूरच्या पट्ट्यात भरून घ्या. "घाट चढून वर भरू" हा विचार करू नका.

जाताना उलट. घाट उतरताना मोटर जनरेटरचं काम करते आणि चढताना गेलेल्यातलं निम्म्याहून जास्त परत मिळतं. रीजन, म्हणजे वेग कमी होताना वीज परत घेण्याची सेटिंग, मोठ्यावर ठेवा, ब्रेकला पाय क्वचितच लागतो. पण बॅटरी अगदी भरलेली असेल तर ही वीज ठेवायला जागा नसते, रीजन नीट लागत नाही आणि गाडी अचानक मोकाट वाटते. नाशिकहून शंभरवर निघालात तर इगतपुरीपर्यंतच्या ४५ किलोमीटरांत जागा होते, काळजी नाही. इगतपुरीला रिसॉर्टवर मुक्काम करून, रात्रभर शंभर करून, सकाळी थेट घाटात उतरणाऱ्यांनी मात्र नव्वदवर थांबावं. वणीच्या गडावर मुक्काम करणाऱ्यांनाही हेच. नांदुरीकडे उतरताना लक्षात येईल.

घाटात ट्रक आडवा होऊन तास-दीड तास अडकलात तर? अडकण्याची भीती इलेक्ट्रिकवाल्याला सगळ्यात कमी. उभी गाडी मोटरला काही देत नाही. एसीला तासाला एक-दीड युनिट जातं, तीन-चार टक्के. गाणी लावा.

समृद्धी

हा रस्ता ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडल्यावर ७०१ किलोमीटर पूर्ण झाला. नाशिककरांना सिन्नरजवळून किंवा इगतपुरी-भरवीरहून चढता येतं. मुंबईकडे जाताना इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा कसारा घाट टाळतो. वळणं टळतात, उंची टळत नाही. परतीचा चढ इथेही द्यावाच लागतो.

नागपूरकडे जाताना मात्र जपून. शिर्डी-नागपूर हा टप्पाच ५२० किलोमीटरांचा, गाडीला १२० ची परवानगी, आणि मनात आलं तिथे बाहेर पडता येत नाही, इंटरचेंज येईपर्यंत चालत राहायचं. साध्या हायवेवर चार्जर बंद निघाला तर गावात शिरून दुसरा शोधता येतो. इथे तो शोध पंधरा-वीस किलोमीटरांचा होऊ शकतो. माझी पद्धत: वेग ९५, चाळीस टक्क्यांच्या खाली कधी जायचं नाही, आणि रस्त्यालगतच्या चार्जरखेरीज इंटरचेंजजवळच्या शहरातला, म्हणजे संभाजीनगर, जालना, वाशीम, वर्धा, एकेक पर्याय आधीच लिहून ठेवायचा. १२० नं पळवून एक जादा थांबा घेण्यापेक्षा ९५ नं गेलेला माणूस बऱ्याचदा आधी पोचतो. टायरमधली हवा निघतानाच तपासा, आणि तुमच्या गाडीत स्टेपनी आहे की फक्त पंक्चर किट आहे तेही. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते, हे लोकांना पंक्चर झाल्यावर कळतं.

राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू यांवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी दिलेली आहे. घोटी, चांदवडसारख्या राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांना ती लागू नाही. फास्टॅगचा मेसेज तरीही वाचत जा.

मुक्कामी चार्जिंग, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

हॉटेल बुक करताना "चार्जर आहे का" असं विचारू नका, "नाही" येईल. विचारा, "पार्किंगजवळ पंधरा अँपियरचा प्लग आहे का, एसीला लागतो तसा?" गाडीबरोबर आलेल्या पोर्टेबल चार्जरनं तासाला तीन युनिटं जातात, रात्री दहा ते सकाळी सातमध्ये साठ-पासष्ट टक्के भरतात. मॅनेजरला पैसे आधीच विचारा, दोनतीनशे रुपये देऊ करा. बिनबोभाट सोय होते.

या पोर्टेबल चार्जरवर लाल दिवा लागला तर बऱ्याचदा अर्थिंग नसतं. दुसरा प्लग बघा. अर्थिंगला फसवणारी जुगाडं बाजारात मिळतात, ती वापरू नका, त्यात जीव जाऊ शकतो. घरगुती पातळ एक्स्टेंशन बोर्डही नाही; नऊ तास पूर्ण लोड घेऊन तो वितळतो. जाड वायरचं इंडस्ट्रियल एक्स्टेंशन एकदाच घ्या. लावल्यावर अर्ध्या तासानं प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर बंद.

खर्चाचं थोडक्यात: बाहेर फास्ट चार्जिंगला करासकट युनिटमागे साधारण १८ ते २५ रुपये पडतात. युनिटला सहा किलोमीटर धरले तर किलोमीटरला तीन ते चार रुपये. पेट्रोलपेक्षा कमीच, पण घरच्या चार्जिंगइतकं स्वस्त नाही.

आणि गाडीत एक वही

ॲपमधल्या ताऱ्यांपेक्षा मला माझी वही जास्त उपयोगी पडते. डॅशबोर्डच्या खणात असते, प्रत्येक थांब्यानंतर दोन ओळी. मुलीच्या अक्षरातली शेवटची नोंद अशी आहे: "मंचरच्या अलीकडे, डावीकडचा पंप. उजवी गन लावू नये, बाबा तीनदा चिडले. डावी चालते. ४८ ते ८०, ३४ मिनिटं. संडास स्वच्छ. आजीला आवडलं."